मामांच्या यादीत नसलेली दोन माणसं

मोजल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारा मामांसारखा माणूस अख्ख्या मुलुंडात दुसरा नाही, आणि ठाण्याची हद्द ओलांडून शोधायला गेलात तरी सापडेल असं मला वाटत नाही. आमच्या समोरच्या दाराचे मामा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासून ते निवृत्त झाले, पण ही निवृत्ती फक्त खात्याने मान्य केली, मामांनी नाही. त्यांच्या खिशात अजून मोजपट्टी असते आणि पिशवीत पाव किलोचं पितळी वजन. भाजीवाली त्यांना लांबून बघूनच तराजू पुसायला घेते. एकदा तिने धाकापोटी मूठभर भेंडी जास्त घातली, तर मामांनी ती मोजून परत टोपलीत ठेवली आणि म्हणाले, "बाई, जास्त पण चूकच असते." आमची मुलगी झाली तेव्हा हॉस्पिटलने सांगितलेलं वजन त्यांनी मान्य केलं नाही. घरी आणल्या आणल्या तिला स्वतःच्या काट्यावर दुपट्यासकट ठेवलं, मग दुपटं वेगळं तोललं, वजाबाकी केली आणि तिला पास केलं. पोरगी तेव्हापासून त्यांचीच आहे, आमच्याकडे फक्त झोपायला येते.

मामांनी लग्न केलं नाही. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण आक्का. आक्काचा नवरा गेला तेव्हा वर्षही सरू न देता सासरच्यांनी तिच्या हातात ट्रंक दिली होती. मामा टॅक्सी घेऊन गेले, बहिणीला आणि ट्रंकेला घेऊन आले, आणि त्यानंतर तीसेक वर्षं त्या विषयावर घरात कोणी बोललं नाही. सगळं सुरळीत चाललं होतं. मग आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला द्यायचं ठरलं, नव्या टॉवरचा रंगीत नकाशा घरोघर पोचला, आणि मामांच्या अंधेरीच्या धाकट्या भावाचे फोन वाढले. घर मामांच्या नावावर. मृत्युपत्र न करता मामा गेले तर निम्मं घर भावाचं होणार, आणि भावाला निम्मं घर विकायचंच असणार, हे मामांना कुणीतरी सांगितलं. "भाऊ वाईट नाही रे," मामा मला म्हणाले, "पण नकाशा बघितल्यापासून आठवड्यातून दोनदा माझी तब्येत विचारतो. आक्काने एकदा ट्रंक उचलली. दुसऱ्यांदा उचलायची नाही. आपल्याला वकील पाहिजे."

'आपल्याला' म्हणजे त्यांच्याबरोबर मी हिंडायचं. मला वाटलं होतं, एखादी दुपार जाईल. पाच महिने गेले. घाटकोपरचे वकील नामांकित होते, पण त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे होतं. "मुदतीची कामं करणारा माणूस हा," म्हणून मामा चहा न घेता उठले. अंधेरीचे वकील फार प्रेमळ. आम्ही बसायच्या आत म्हणाले, "काका, टेन्शनच घेऊ नका." मामा म्हणाले, "मी अजून नाव पण सांगितलं नाही, आणि हा कशाचं टेन्शन घेऊ नको म्हणतो?" बोरिवलीला तर माझी पुरती वाट लागली. तिथे मामांनी खिशातून मोजपट्टी काढली, पक्षकाराची खुर्ची मोजली, मग टेबलाला वळसा घालून वकिलांची, ते बसलेले असतानाच, आणि जाहीर केलं की इकडची खुर्ची तिकडच्यापेक्षा अडीच इंच बुटकी आहे. वकील हसले. मामा हसले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "मान वर करून बोलायचं असेल तर मी देवळात जाईन."

शेवटी वकील मिळाला तो घरापासून चालत दहा मिनिटांवर, एका केमिस्टच्या दुकानावरच्या माळ्यावर. तिशीतली मुलगी, मृत्युपत्रं आणि नवरा-बायकोची भांडणं ही दोन्ही कामं करायची. तिने मामांचं सगळं ऐकून घेतलं, एक शब्द मधे बोलली नाही, आणि मग विचारलं, "काका, आक्काच आधी गेल्या तर?" मामांनी मोजपट्टी काढली, उलगडली आणि काहीच न मोजता परत खिशात ठेवली. बारा वर्षांच्या शेजारात असं मी प्रथमच बघत होतो. मग म्हणाले, "मग भावाला दे. मग त्याने खुशाल विकावं." आणि माझ्याकडे वळून, "ही वकील नक्की." वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं की सही करताना दोन साक्षीदार लागतील. ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार नाही असेच आणा, म्हणजे उद्या कोणी बोट ठेवायला नको. मामांनी ते वहीत लिहून घेतलं.

पुढच्या अपॉइंटमेंटला मामा पाऊण तास आधी पोचले, कारण वेळेवर येणारा माणूस त्यांच्या मते उशिराच येतो. बाहेरच्या बाकावर एक जोडपं घटस्फोटासाठी आलं होतं, दोघं दोन टोकांना. मधली जागा मोकळी होती, तिथे मामा बसले. काय झालं म्हणून विचारलं. बायको म्हणाली, हा घरात एका कामाला हात लावत नाही. नवरा म्हणाला, अर्धं काम मीच करतो. मामांनी वही काढली, पानाच्या मधोमध रेघ मारली आणि सकाळच्या दुधापासून झोपताना गॅस बंद करण्यापर्यंत एकेक काम कोण करतं ते लिहायला घेतलं. कचरा कोण टाकतं यावर दोघांचं बोलणं अडलं, मग दोघं हसायला लागली, मग खाली चहा प्यायला गेली ती वर आलीच नाहीत. वकीलबाई दार उघडून बघतात तर बाकावर मामा एकटे, समाधानाने. "काका," ती म्हणाली, "पुढच्या वेळी प्लीज वेळेवरच या हं."

घराचा मजकूर एका पानात संपला. पण मामांचं म्हणणं, माणूस जाताना फक्त घर ठेवून जात नाही. त्यांनी घरातल्या वस्तूंची यादी केली आणि प्रत्येक वस्तूला माणूस नेमला. वॉचमनला टॉर्च, कारण जुना टॉर्च तो पायावर आपटून पेटवतो. इस्त्रीवाल्याला मोठी छत्री. तळमजल्यावरच्या शिक्षिकेला भिंगाचा चष्मा. केबलवाल्याला शिडी, नाहीतरी ती त्याच्याकडेच असते. पितळी वजन भाजीवालीला, 'तिने भिऊन वागू नये म्हणून' अशा कारणासकट. फॅमिली डॉक्टरांना लाकडी स्टूल. यादी चार पानांची झाली. वकीलबाईंनी ती शांतपणे वाचली, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "छान आहे. साक्षीदार कोण?"

मामांनी ओळखीचं एकेक नाव घेतलं, आणि एकेक नाव यादीत निघालं. मग कोणीतरी आपली वस्तू सोडावी म्हणून मामा दारोदार फिरले. पण बातमी आधीच फुटली होती आणि मंडळींचा आपापल्या वस्तूवर जीव जडला होता. वॉचमन म्हणाला, टॉर्च सोडून काय पण सांगा. शिक्षिका रडवेल्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "साक्षीदार दुसरा बघा ना मामा. स्टूल कुठे ठेवायचं ते मिसेसने ठरवलंय." यादी पुन्हा पुन्हा चाळली तेव्हा उभ्या ओळखीत यादीबाहेर दोनच माणसं उरली. एक आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. दुसरा मी.

सेक्रेटरींचं कारण सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं. मामांनी एकदा पार्किंगच्या जागा मोजल्या होत्या आणि सेक्रेटरींची जागा इतरांपेक्षा नऊ इंच लांब निघाली होती. तेव्हापासून दोघं एकमेकांशी फक्त नोटीस बोर्डावरून बोलतात. पण मी? दर रविवारी ह्यांच्याकडे पोहे खाणारा मी, आणि माझ्या घरातल्या कोणालाही, अगदी ती काट्यावर पास झालेली पोरगी धरून, एक चमचासुद्धा नाही. मी नऊ इंचांच्या रांगेत बसलो होतो. मला वाईट वाटलं, आणि ते चांगलं आठवडाभर टिकलं.

मामांनी बोर्डावर अर्ज लावला, 'मा. सचिव यांस, मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करण्याबाबत.' संध्याकाळी त्याखाली उत्तर आलं, 'विनंती मान्य. येताना ओळखपत्र आणावे किंवा कसे, कळवावे.' ठरल्या दिवशी सेक्रेटरी कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. माळ्यावर चढल्यावर त्यांनी वकीलबाईंना विचारलं, "ह्यांना सांगा, माझं नाव यादीत कुठे नाही ना?" मामा खिडकीकडे बघत म्हणाले, "ह्यांना सांगा, तीनदा तपासलंय." आधी मामांनी आमच्यासमोर सही केली, एकेक अक्षर ओळीवर बसवत. मग सेक्रेटरींनी, मग मी. जाताना सेक्रेटरी दारात थांबले आणि, नोटीस बोर्ड जवळपास नसल्यामुळे असेल, सरळ मामांना म्हणाले, "आक्कांचं चांगलं केलंत." मामांनी मान हलवली. त्या दिवशी त्यांना सेक्रेटरींसाठी काहीतरी लिहावंसं वाटलं असणार, पण आता ते जमणार नव्हतं.

परत येताना मी विचारलंच. "मामा, इस्त्रीवाल्याला छत्री, डॉक्टरांना स्टूल. आमच्याच घरावर एवढा राग?"

"तुला तर पहिल्या दिवशीच बाजूला काढला," मामा म्हणाले. "दुसरा साक्षीदार म्हणून डॉक्टर ठरवले होते. पण मधे त्यांनी आक्काला इंजेक्शन इतक्या हलक्या हाताने दिलं, मला राहवलंच नाही, स्टूल लिहून टाकलं. तुझ्या बाबतीत हात आवरला. हे बघ, मी गेल्यावर भाऊ वकील घेऊन आला, तर त्याच्यासमोर आक्काच्या बाजूने बोलायला माणूस पाहिजे. वाईटपणा घ्यावा लागेल, मिळणार काही नाही. असा माणूस मला एकच दिसला. तुला चमचा लिहिला असता, तर आक्काचा तो माणूस गेला असता ना रे."

त्यांच्या हातातली पिशवी मी माझ्याकडे घेतली आणि आम्ही चालत राहिलो.

तेव्हापासून मामा माझ्या तब्येतीमागे लागलेत. साक्षीदार टिकला पाहिजे, म्हणून वडापाव बंद, आणि रोज सकाळी साडेसहाला दारावर थाप देऊन मला चालायला नेतात. वय त्यांचं अठ्ठ्याहत्तर, आणि धाप मला लागते. कधीतरी मला एक वाक्य बोलायचं आहे, की हो, मामांनी माझ्यासमोर सही केली, पूर्ण शुद्धीवर असताना केली. ते मला पाठ आहे, आणि आक्कासाठी मी ते कुठेही उभा राहून, कोणाच्याही तोंडावर बोलेन. पण सकाळी मी डोळे चोळत दार उघडतो आणि समोर मामा बूट घालून तयार दिसतात, तेव्हा ते वाक्य आणखी एक दिवस पुढे गेलं म्हणून मला किती बरं वाटतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.