मनगटावर लाल फुली

"तुम्हाला कशाला पायजे पडदा? रानात उघड्यावरच राहताय की."

सिस्टर हसत म्हणाली. रागानं बोलली असती तर मीही काहीतरी बोलले असते. ती सहज बोलली, मार्करचं टोपण काढता काढता. बायकांच्या दवाखान्याचा मागचा व्हरांडा होता. आम्ही पाच-सहाजणी भिंतीला पाठ लावून उभ्या. चोळ्या सोडलेल्या, पदर दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. कंपाउंडर चहाचा ट्रे घेऊन आमच्या समोरून आत गेला. रिकामा ट्रे घेऊन परत आला. त्याला कुणी थांब म्हणालं नाही. आत पडद्याच्या खोलीत बागायतदारांच्या बायका होत्या. त्यांना एकेकीला नावानं बोलवत होते. आम्हाला "चला, पुढची."

माझी पाळी आली. डॉक्टर मॅडमनी छाती दाबून पाहिली. डावीकडं त्यांचा हात थांबला. पुन्हा तिथंच दाबलं. माझ्या तोंडाकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही. सिस्टरला इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. सिस्टरनं माझं मनगट ओढलं आणि त्यावर लाल फुली मारली. माझ्याबरोबरच्या सगळ्यांना निळी होती.

"लाल कशाची?" मी विचारलं.

"पुढं हो. सांगतील."

कुणी सांगितलं नाही. मी मूग गिळून टेम्पोत जाऊन बसले. त्या गप्प बसण्याची मला आजही चीड येते.

आम्ही माण तालुक्यातले. म्हसवडजवळच्या वस्तीवर थोडी कोरडवाहू जमीन आहे, पण पोट मेंढरांवर. दिवाळी झाली की कळप घेऊन आम्ही रहिमतपूरच्या बाजूला उतरतो. तिकडं ऊस गेलेल्या रानात मेंढरं बसवतो. मालकाच्या रानाला खत होतं, आम्हाला धान्य मिळतं. यंदा ज्यांच्या रानात होतो ते मालक मिलिटरीतून रिटायर होऊन आलेले. त्यांच्या बायकोला सगळं गाव वैनीसाहेब म्हणतं. हे शिबिर वैनीसाहेबांनीच भरवलं होतं. बायकांच्या छातीची तपासणी, फुकट. स्वतः चालत आमच्या मेंढरांच्या तळावर आल्या आणि म्हणाल्या, "सगळ्याजणी या, टेम्पो पाठवते."

आजवर त्यांनी आम्हाला पाणीसुद्धा लांबून वाढलेलं. एकदम एवढी माया कुठून आली? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकलीच. फुकटच्या दवाखान्याची आम्हाला धास्ती आहे. माझी मावसबहीण पोटात दुखतंय म्हणून असल्याच एका दवाखान्यात गेली होती. पिशवी काढून घरी पाठवली. का काढली ते तिला अजून ठाऊक नाही. वैनीसाहेबांची माया मला शिबिराला गेल्यावर कळली. फोटोवाला आलेला आणि पुढच्या खुर्च्या रिकाम्या. आम्हाला आधी त्या खुर्च्यांवर बसवलं, फोटो काढले, मग मागच्या व्हरांड्यात नेलं.

एवढी शंका होती तरी मी गेले. कारण अंघोळ करताना डावीकडं काहीतरी टणक हाताला लागत होतं. ते मी कुणालाच बोलले नव्हते. नवऱ्यालाही नाही.

टेम्पोत आत्तीनं, म्हणजे माझ्या सासूनं, माझं मनगट हातात घेतलं. पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. बाकीच्या बायकांनीही पाहिलं. कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती. कळपात लस टोचली की आम्ही मेंढीच्या पाठीवर निळा पट्टा ओढतो, म्हणजे तिलाच पुन्हा टोचली जात नाही. लाल पट्टा ओढतो तो खाटकाला द्यायच्या मेंढीवर. लाल म्हणजे निवडलेली. ती पुन्हा कळपात येत नाही.

फुली मी राखेनं घासून काढली. कातडी सोलवटली, पण घरच्यांच्या मनातली फुली काही निघाली नाही. कुणी तोडून बोललं असतं तर बरं झालं असतं. सगळे गोड बोलायला लागले. जाऊ माझ्या पोरीला आपल्याजवळ झोपवायला लागली. आत्ती मला रोज दूध देऊ लागली. खाटकाकडं जाणाऱ्या मेंढीलाही आम्ही शेवटी शेवटी चांगलं खायला घालतो. तो पेला हातात धरताना मला तेच आठवायचं. आणि मी तो मुकाट पीत होते.

नवरा म्हणाला, "परत त्या दवाखान्याची पायरी चढायची न्हाई. त्यांनी ठरवलंय तुला कापायचं." मलाही तेच वाटत होतं. गाठ रोज हाताला लागत होती, आणि मी गाठीपेक्षा दवाखान्याला जास्त भीत होते.

असे कितीतरी दिवस गेले. आम्ही तळ हलवायच्या बेतात होतो. वैनीसाहेब रान बघायला आल्या. मी धीर करून विचारलं, "वैनीसायेब, त्या दिवशी मला लाल फुली मारली. ती कशाची वो?"

"अगं, लाल म्हणजे परत बोलवलंय. मशीनवर फोटो काढायचा, बस. माझ्या नणंदेलाही परत बोलवलं होतं. ती साताऱ्याला जाऊन फोटो काढूनही आली."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"दवाखान्यातनं माझ्याकडं फोन आला होता की. मीच म्हटलं, ती मंडळी यायची नाहीत. आज इथं, उद्या तिथं. मेंढरामागची माणसं तुम्ही."

असं म्हणून त्या बांधावरची तूर बघायला गेल्या. त्यांच्या आवाजात काही वाईट नव्हतं. आपण काही वाईट केलंय असं त्यांना वाटतही नव्हतं. मला मात्र कानफटात बसल्यासारखं झालं. माझी गाठ, माझा जीव, आणि मी येणार की नाही ते या बाईनं फोनवर ठरवून टाकलं. मी चार पावलांवर राहत होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

चूक आमचीही झाली, ते मी नाकारत नाही. पण माणसाच्या मनगटावर मेंढराची खूण करायची आणि तोंडानं काही सांगायचं नाही, मग माणसानं दुसरा कुठला अर्थ लावायचा?

त्याच दिवशी मी दवाखान्याला निघाले. नवऱ्याला विचारलं नाही, सांगितलं. तो चिडला. आत्ती मात्र चप्पल घालून माझ्या मागं आली. "येकटी नगं जाऊस," एवढंच म्हणाली.

दवाखान्यात तीच सिस्टर होती. "मागं व्हरांड्यात थांबा," म्हणाली.

"न्हाई थांबनार."

"मग नंबर जाईल तुझा."

"जाऊ द्या. पडद्याच्या खोलीतच मी चोळी सोडनार. आन् तपासल्याबगर हितनं हलनार न्हाई."

मी दारातच उभी राहिले. सरकले नाही. पुढच्या खुर्च्यांवरच्या बायका बघायला लागल्या. एकीनं नाकाला रुमाल लावला. लावू दे. गडबड ऐकून मॅडम बाहेर आल्या. मी त्यांना माझं नाव सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं, तरी पूर्ण सांगितलं, बापाचं आणि नवऱ्याचंही. म्हटलं, "माज्या छातीत काय हाय ते मला मराठीत सांगा. तुमी लाल फुली मारून सोडून दिलं."

या वेळी मॅडमनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग सिस्टरला पडदा ओढायला सांगितलं.

साताऱ्याला मशीनवर फोटो निघाला. मशीन छाती दोन पाट्यांत दाबतं, दुखतं, पण तिथल्या मुलीनं आधी सगळं समजावून सांगितलं होतं. फोटोत गाठ दिसली. मग सुईनं तिचा तुकडा काढला. तो तपासून येईपर्यंत काही सांगता येत नाही. मॅडम म्हणाल्या, "मंगळवारी रिझल्ट येईल. नवऱ्याला घेऊन ये, त्याला नीट समजावून सांगते."

"मला सांगा," मी म्हटलं. "अंग माजं हाय."

त्या म्हणाल्या, "तू घाबरशील."

"घाबरंन. तरी मलाच सांगा."

तळ पुढं गेला आहे. मी आणि आत्ती मागं राहिलो. मला भीती वाटते, झोप लागत नाही. माझा या दवाखान्यावर विश्वास बसलेला नाही. एकदा पडदा ओढला म्हणून बसणारही नाही. ते म्हणतील त्यावर मी प्रश्न विचारणार. कापायचं म्हणाले तर का, किती आणि नाही कापलं तर काय, हे विचारणार. उत्तर पटलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरकडं जाणार. पण आता माघारी पळणार नाही. मी पळाले तर वैनीसाहेबांचं म्हणणं खरं ठरतं आणि गाठ माझ्याजवळच राहते.

मंगळवारी मी जाणार आहे. जे असेल ते आधी मी ऐकणार, मग घरच्यांना सांगणार.