राघूच्या हातात तलवार

महाडची एसटी भोरच्या स्टँडवर लागली तेव्हा आबांनी, माझ्या वडिलांनी, खिडकीतून माझ्या मांडीवर तांदळाचं गाठोडं ठेवलं आणि खालीच उभे राहिले. आमचं गाव वेल्ह्याच्याही वर, डोंगरात. तिथून दोन गाड्या बदलून ते मला सोडायला आले होते. महाडच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली होती आणि मी लहान पोरीसारखी रडत होते. आबा म्हणाले, "मागं बगू नगं, सुमे. राघूनं तरी कुटं बगितलं?" गाडी वरंध घाटाच्या रस्त्याला लागली आणि मी अर्थातच मागे बघितलं. आबा टोपीने तोंड पुसत होते.

राघू म्हणजे आबांचे आजोबा. भाटघरच्या धरणाचं पाणी चढलं, त्यात शेत गेलं, तसा तो बायको, दोन बैल आणि बियाण्याचं भात घेऊन मावळतीला चालत निघाला. तोरण्याच्या अंगाला एका उतारावर थांबला. तिथे माती होती, पण पावसात टिकत नव्हती. म्हणून त्याने ओढ्यातले दगड आणून ताली रचल्या. ताल म्हणजे माती अडवणारी दगडी भिंत, सिमेंटशिवाय, नुसती दगडावर दगड. अशा सात तालींवर एकाखाली एक भाताची सात खाचरं झाली. आपल्या सगळ्या भावकीचं पोट त्या सात खाचरांनी भरलं. मी त्याच्याही पुढे मावळतीला गेले, घाट उतरून. तिथे शिफ्ट, सॅम्पल, रिपोर्ट शिकले, लिफ्टमध्ये शेजाऱ्यांकडे बघून अर्धंच हसायला शिकले. फ्लॅटच्या बाल्कनीत माझं वॉशिंग मशीन आहे आणि त्याला खेटून तुळस.

पुण्या-पिंपरीला गेलेल्या आणि गावात उरलेल्या माझ्या भावकीच्या माणसांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. अक्षय्य तृतीयेला तुम्ही माझ्या हातात माईक दिला होता. तेव्हा बोलले नाही, ते आता बोलते.

नानाकाका, म्हणजे आबांचे चुलतभाऊ, पुण्यात साहेब होऊन निवृत्त झाले. त्यांचाच फोन आला होता. "सुमन, तुला कागदांची सवय आहे. आपला मूळपुरुष शोधून काढ." मला हुरूप आला. दोन वर्षं सुट्ट्या त्यातच घालवल्या. तहसील कचेरी झाली, मोडी वाचणारे एक म्हातारे गुरुजी झाले. कागदात एवढंच निघालं, की राघू, धंदा शेती. मग भाटघरच्या काठाने गावोगाव विचारत फिरले, तेव्हा त्याच्या भाऊबंदांतली एक आजी भेटली. दात नव्हते, आठवण शाबूत होती.

"राघू व्हय? सासरा सांगायचा त्याचं. लई भित्रा म्हनं. गावात भांडान झालं की बैलामागं जाऊन हुबा ऱ्हायचा. पर त्याच्या हातचा दगुड कंदी हालला न्हाई."

मला तो माणूस तिथल्या तिथे आवडला. पुढच्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं तशी मी आबांना तिकडे घेऊन गेले. आजीने दाखवलेल्या जागी भेगाळलेल्या गाळातून जुन्या ताली वर आल्या होत्या. आबा खाली बसले, एका तालीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "लांब अंग आत, आखूड भाईर. ही आपलीच बसवन." मला ते लहानपणापासून सांगत आले होते, "दगुड ठिवायचा नसतो, बसवायचा असतो." ते कुणी कुणाला शिकवलं, हे त्या दिवशी कळलं. एवढी वर्षं पाण्याखाली राहूनही ती ताल उभी होती.

हे सगळं मी नानाकाकांना फोनवर भडाभडा सांगितलं. ते म्हणाले, "ते भित्रा वगैरे कुठं बोलू नकोस. आपल्या पोरांना काय वाटेल?"

पुढे पत्रिकाच आली. 'सरदार राघोजीराव यांच्या पुतळ्याचे अनावरण.' धरण बांधायच्या काळात तलवार घेऊन कोण हिंडत होतं, हे विचारावंसं तुमच्यातल्या एकालाही वाटलं नाही. मला वाटलं होतं. पण खाली छापलं होतं, 'इतिहास संशोधन: सौ. सुमन'. ते मी तीनदा वाचलं आणि पत्रिका फ्रिजवर उभी करून ठेवली. फोन केला नाही.

अक्षय्य तृतीयेला गावी पोचले तेव्हा सगळ्यात वरचं खाचर जाग्यावर नव्हतं. गाड्या लावायला जागा पाहिजे म्हणून जेसीबीने पहिली ताल उखडली होती आणि दगड ओढ्यात लोटले होते. मधोमध फायबरचा राघू उभा, पिळदार मिशा, हातात तलवार. ज्याने हाताने दगड रचले त्याचा मान करायला त्याचेच दगड फेकून दिले. मला शिसारी आली. तुमच्या फेट्यांची, तुतारीची, ड्रोनची, कडक इस्त्रीच्या कुडत्यांची, सगळ्याची शिसारी आली.

आबा कडेला उभे होते. जमीन सगळ्या भावकीच्या नावावर, कसणारे ते एकटे. "मूळपुरुषाचं काम हाय, न्हाई म्हनू नगा," असं त्यांना सांगितलं गेलं आणि ते न्हाई म्हणाले नाहीत. फोटोच्या वेळी फोटोवाला म्हणाला, "आजोबा, फ्रेममधून जरा बाजूला व्हा." आबा झाले बाजूला. उन्हाने रापलेल्या पोटऱ्या, दगडाने चेचलेली नखं. त्या गर्दीत राघूसारखं दिसणारं तेवढं एकच माणूस होतं आणि तुम्ही त्यालाच फोटोतून काढलंत.

मग नानाकाकांनी "आमची संशोधक!" म्हणून माईक दिला. मी सगळ्यांचे आभार मानले. खाली येऊन जिलबी खाल्ली, दोन वेढे. जिलबीच्या प्लेटा दुसऱ्या खाचरात उडत होत्या. तुमच्याइतकीच मला माझीही किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही. राघूचा भित्रेपणा आम्हा बापलेकीत पुरेपूर उतरला आहे, हात मात्र एकट्या आबांकडे आले.

संध्याकाळी तुमच्या गाड्या गेल्यावर आबा म्हणाले, "पावसाला वरची माती खाली यील. मंग उरल्याली सा खाचरं बी जातील." आवाज अगदी साधा होता, रागाचा मागमूस नव्हता. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस दुसऱ्या दिवशी ओढ्यात उतरला आणि दगड वर आणायला लागला. मी रजा वाढवली. आता दर सुट्टीला घाट चढून येते. पावसाने घाट बंद व्हायच्या आत ताल उभी राहिली पाहिजे.

परवा नानाकाकांचा फोन आला. "अगं, भिंत घातलीत तर गाड्या कुठं लावायच्या?"

मी म्हणाले, "खाली रस्त्यावर लावा आणि चालत या. राघू चालतच आला होता."

त्यांनी फोन ठेवला. त्यांच्यापुढे मी जन्मात पहिल्यांदा तोंड उघडलं होतं.

माझं घर कुठलं म्हणून महाडात कुणी विचारलं की पूर्वी मी गावाचं नाव सांगायचे. पत्रिकेवरही तेच नाव छापलं होतं, त्यामुळे आता ते घ्यायला जीभ रेटत नाही. आता मला घर म्हणजे ही छातीएवढी भिंत. निम्मी झाली आहे, निम्मी राहिली आहे. काल तिच्यात मी माझ्या हाताने एक दगड लावला. आबांनी त्यावर पाय दिला. दगड डुगडुगला.

"ठिवलास," आबा म्हणाले. "बसिवला न्हाईस."

मी तो काढला, लांब अंग आत केलं आणि पुन्हा लावला. आबांनी पुन्हा पाय दिला आणि पुढच्या दगडासाठी हात केला.