विहिरीवरच्या मोटरचा हिशेब इथे चालत नाही

आमच्याकडे मोटर म्हटली की ती विहिरीवरची. डहाणूपासून तलासरीपर्यंत कुणालाही विचारा, तीन एचपी पुरत असेल तर पाचची घ्या म्हणेल. व्होल्टेज पडतं, मोठी असली की निभावून नेते. त्यामुळे शेडमधल्या जुन्या सीएनसीला, म्हणजे संगणकाच्या हुकमाने कोरणाऱ्या मशीनला, नेमक्या जागी थांबणाऱ्या नव्या सर्वो मोटर बसवायचं ठरलं, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने न मागता मत दिलं. मांजर तेवढं तटस्थ राहिलं.

शेड थोरल्या भावाची. दादा दागिन्यांच्या पोलादी डाय, म्हणजे नक्षीचे ठसे, कोरतो. पूर्वी ढोबळ काम मशीन करायचं आणि नाजूक काम त्याची छिन्नी. मग मशीनचे जुने ड्राइव्ह, म्हणजे मोटरला हुकूम देणाऱ्या पेट्या, जळाले आणि ते उभंच राहिलं. दादाने अट घातली, "नव्या मोटरवर नक्षीतल्या पानाचं टोक हात न लावता नीट आलं, तर मशीन ठेवीन. नाहीतर भंगारवाल्याला बोलावलंच म्हणून समज."

काम माझ्याकडे आलं, कारण वापीच्या कारखान्यातल्या माझ्या मेंटेनन्सच्या पराक्रमांच्या गोष्टी मी प्रत्येक लग्नात सांगतो. आता सिद्ध करणं आलं.

मी जुन्या मोटर सोडवल्या, मशीनचं टेबल सरकवणाऱ्या लांब स्क्रूच्या पुलीला दोरी गुंडाळली आणि दोरीच्या टोकाला वहिनीचा चिकू तोलायचा स्प्रिंगकाटा अडकवला. काट्यावरचं वजन आणि पुलीची त्रिज्या गुणली की टेबल हलवायला किती जोर लागतो ते कळतं. ओढू लागलो. टेबल लोण्यासारखं सरकलं आणि मध्यावर काटा एकदम उसळला. परत ओढलं, त्याच जागी परत तेच.

"स्क्रू वाकलाय," मी तज्ज्ञाच्या आवाजात म्हणालो.

दादा खूश. "मी काय म्हणत होतो? मोठीच लागणार."

वापीच्या डीलरला फोन लावला, तर तोही त्याच गावचा. "अरे शेठ, एक साइझ मोठी घ्या ने, टेन्शनच नको!"

पण मला ते पटेना. पानाच्या टोकाशी मशीनला क्षणात थांबून उलटं वळायचं असतं. मोटर मोठी म्हणजे आतला फिरता गोळाही जड. ऐन वळणावर तो स्वतःलाच आवरत बसला तर टोकाचं काय होणार? शिवाय वाकलेला स्क्रू एकाच बोटभर जागेत वाकत नाही, हे तज्ज्ञाला जरा उशिरा सुचलं. आधी धुऊन बघू म्हटलं. कव्हर पूर्ण काढून रॉकेलने स्क्रू पुसला, तर फडकं लालभडक. तेलात मुरून दगड झालेलं हळदकुंकू, वर झेंडूच्या पाकळ्या.

वहिनी दारातून म्हणाली, "भावोजी, तुमचे दादा दर दसऱ्याला कव्हर सरकवून तिथेच हळदकुंकवाची बोटं लावतात. चकाकतं ते मशीनचं कपाळ म्हणे."

"मग काय बाहेरच्या पत्र्याची पूजा करू?" दादा उखडला.

पुसल्यावर काटा शेवटपर्यंत शांत. मी आडव्या दोन्ही हालचालींसाठी लहान मोटर मागवल्या. उभ्या हालचालीसाठी मात्र ब्रेकवालीच घेतली, कारण आमच्याकडे लाईट सांगून जात नाही आणि मशीनचं जड डोकं हवेत धरायला कुणीतरी हवं. ड्राइव्हच्या पेट्याही मोटरच्याच कंपनीच्या घेतल्या. वेगवेगळ्या घरच्या आणून त्यांची समजूत काढत बसायची हौस मला नव्हती.

"एवढीशी?" खोकं उघडल्यावर दादा म्हणाला. "मिक्सर आणलास की काय?"

मशीन सुरू केलं आणि टेबल थरथरत किंचाळलं. ड्राइव्ह चुणचुणीत चालावा म्हणून मी त्याची सेटिंग फाजील चढवली होती. दादा माझ्याकडे बघत होता, मी छताकडे. सेटिंग खाली आणत गेलो, किंचाळी थांबली. मग तुकडा लावला आणि पान कोरायला घेतलं.

दादाने डाय पुसली, डोळ्याला भिंग लावलं. बराच वेळ वाकून राहिला. हात सवयीने छिन्नीकडे गेला, तिच्यावर टेकला आणि तसाच परत आला.

"टोक आलंय," तो म्हणाला. "बघत काय उभा राहिलास? चुरा काढ, दुसरा तुकडा लाव."