कर्नलांची शेवटची बदली

कर्नल गेले तेव्हा शोकसभेत त्यांच्या शौर्याबद्दल इतकं बोललं गेलं की, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या बायकोला मधेच शंका आली, आपण भलत्याच माणसाच्या सभेला येऊन बसलो की काय. एका निवृत्त ब्रिगेडियरांनी तर त्यांना ‘अचल पहाड’ म्हटलं. तेव्हा मात्र कर्नलीणबाईंनी (सगळी कॉलनी त्यांना याच नावानं ओळखायची) रुमाल तोंडावर दाबला. लोकांना वाटलं, हुंदका. ज्या माणसानं स्वतःच्या घरात एक कपाट तीन वर्षांवर एका जागी टिकू दिलं नाही, तो म्हणे अचल.

नोकरी होती तोवर निदान दोष सरकारच्या माथी मारता यायचा. बदलीचा हुकूम आला की साहेब नव्या गावी रुजू व्हायला पुढे जात, आणि मागे ट्रंका भरणं, मुलांच्या शाळेचे दाखले काढणं, गॅस परत करणं ही किरकोळ कामं बाईंकडे राहत. सरकारी भिंतीत खिळा ठोकायची बंदी. प्रत्येक बंगल्यातल्या खिडक्यांचं माप वेगळं, त्यामुळे तेच पडदे बाई उसवायच्या आणि पुन्हा शिवायच्या. त्यांची एकच इच्छा होती. एक खिडकी आपली असावी, तिच्यापाशी शिवणयंत्र असावं आणि तिचा पडदा एकदाच शिवावा. ती इच्छा त्यांनी निवृत्तीपर्यंत दाबून धरली.

निवृत्त झाल्यावर घर घेतलं. पुढच्या खोलीला पूर्वेची ऐसपैस खिडकी. आतल्या खोलीलाही खिडकी होती, पण ती उघडली की समोर शेजाऱ्यांची भिंत यायची. बाईंनी पुढच्या खिडकीशी यंत्र मांडलं, पडदा शिवला आणि भिंतीत स्वतःच्या हातानं खिळा ठोकला. तीन वर्षं सुखात गेली. मग एका सकाळी चहा पिता पिता कर्नलांनी घसा खाकरला.

“परवा बदली.”

“कोणाची?”

“सगळ्यांची. एका जागी राहून माणूस गंजतो.”

झोपायची खोली पुढे आली, जेवणाचं टेबल मधल्या खोलीत गेलं, यंत्राची रवानगी आत झाली. कर्नल पंख्याखाली खुर्ची टाकून देखरेख करत होते आणि बाकीचं सैन्य, म्हणजे बाई आणि थोरला मुलगा, घाम गाळत होतं. पुढे दर तीन वर्षांनी हाच सोहळा झाला. एकदा सुट्टीला आलेला जावई दुपारी उशी घेऊन ‘आपल्या’ खोलीत गेला, तर तिथे त्याचे सासरे जेवत होते. स्वयंपाकघर तेवढं वाचलं, ते नळाच्या पाइपांमुळे. तरी कर्नलांनी प्लंबरला बोलावून विचारून पाहिलंच होतं.

माणूस वाईट नव्हता, हे बाईंनाही मान्य होतं. मुलगी कॉलेजात जाईपर्यंत तिच्या कपड्यांना इस्त्री त्यांनी स्वतः केली. ती आजारी पडली की उशाशी खुर्ची टाकून पहारा दिला. फक्त माया वगैरे शब्द त्यांच्या नियमावलीत नसल्यामुळे प्रेमसुद्धा ते हुकूम दिल्यासारखं करत. बाईंना कधीकधी वाटायचं, एकदा तरी या माणसानं विचारावं, तुला काय हवंय? ते काही झालं नाही.

मग कर्नलांचे पाय गेले. खाट पुढच्या खोलीत, खिडकीशी होती. डॉक्टर म्हणाले, ऊन लागतंय ते चांगलं आहे, हलवू नका. ते डॉक्टर बिचारे मुलकी. तीन वर्षं भरली त्या आठवड्यात कर्नलांनी थोरल्याला आणि जावयाला बोलावून घेतलं आणि पडल्या पडल्या हुकूम सोडला. खाट आतल्या खोलीत, यंत्र खिडकीशी.

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. “अहो, आता तरी पुरे करा. अंधारात काय पडून राहणार?”

“डोळे मिटून पडायला उजेड कशाला लागतो? सुई ओवायला लागतो.” मग थोरल्याकडे वळून म्हणाले, “ही बदली कायम. यात फेरफार नाही.”

खाट आत गेली. बाई स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडल्या. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, या माणसाचं आपल्याकडे लक्षच नाही. लक्ष होतं आणि तरी त्यानं इतकी वर्षं घेतली, याचा राग त्यांना जास्त आला. पुढे महिनाभरानं, शेजाऱ्यांच्या भिंतीकडे तोंड करून, कर्नल गेले. मधल्या काळात त्यांनी एकदाही तक्रार केली नाही, आणि ही गोष्ट शोकसभेत बोलणाऱ्यांपैकी कोणाला माहीत नव्हती.

सभेनंतर दुसऱ्याच दिवशी थोरला टेप घेऊन पुढची खोली मोजायला लागला. बापाचा मुलगा शोभत होता.

“आई, तू आमच्याकडे चल. हे घर भाड्यानं देऊ. तुझी सोय आम्ही हॉलमध्ये करतो, पाहुणे आले तर तेवढे दिवस मुलांच्या खोलीत.”

“मला विचारतोयस की सांगतोयस?”

“तुझ्याच भल्याचं आहे. सगळं ठरलंय.”

बाईंनी यंत्र थांबवलं, चष्मा काढला.

“तुझ्या बाबांनी मला इथे कायम केलंय. तू स्वतः हजर होतास.”

“अगं, पण ते तेव्हाचं...”

“फौजेत हुकूम ज्यानं दिला, त्यानंच फिरवायचा असतो. जा, त्यांना विचारून ये.”