हत्तीची मात सोडून

निजामाच्या अमलात परभणीच्या कचेरीत मी कारकून होतो तेव्हा शेजारच्या मेजावर जो बसे, त्याच्यासारखा सोबती मला पुन्हा मिळाला नाही. कागद सगळे उर्दूत. माझं अडलं की तो हळूच शब्द पुरवायचा, आणि जुम्म्याच्या सुट्टीला आम्ही कापडी पट पसरून बुद्धिबळ खेळायचो. खेळण्यापेक्षा झालेला डाव उकरून काढायची त्याला भारी हौस. मोहरी पुन्हा मांडायची, ‘इथं तू गाढवपणा केलास’ म्हणायचं, मग चहा. हरण्याचं मला काही वाटत नसे.

एका वर्षी उरुसाच्या दिवसांत गावात सामने ठेवले. जिंकेल त्याला हैदराबादच्या एका शौकीन जहागीरदाराकडं खेळायला पाठवणार, आणि पसंत पडला तर तिथंच नोकरी. मी काही जाणार नव्हतो. झरीला आमची शेती, वडील थकलेले. मला फक्त नाव हवं होतं. त्याच्या वडिलांनी मात्र ध्यासच घेतलेला, पोरानं राजधानीत जावं, मोठं व्हावं. शेवटचा डाव नेमका आम्हा दोघांत आला. वडील स्वतः पट्टीचे खेळणारे, ते पटाला लागूनच मांडी घालून बसले.

डाव माझ्याकडं झुकलेला. त्याचा राजा कोपऱ्यात, पुढं त्याचीच प्यादी दाटलेली. माझा हत्ती सरळ शेवटच्या घरात नेला की मात. मला ती दिसत होती. पण आमच्याकडं हत्तीनं मात केली तर लोक नुसती मान हलवायचे, प्याद्यानं केली तर डोक्यावर घ्यायचे. आणि माझं एक प्यादं पार राजाजवळ पोचलेलं. हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नये, हे म्हशी राखणाराही सांगेल. मी प्यादं सरकवलं. त्यानं माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग त्याच्या घोड्यानं एका उडीत माझ्या राजाला शह दिला आणि वजीरही धरला. वजीर गेला, मागोमाग डाव गेला. वडिलांनी त्याला मिठी मारली, पण तो काही हसला नाही.

तो गेला आणि मेज रिकामं पडलं. जुम्म्याला मी एकटाच तो डाव मांडून बसे. त्याच्या बाजूची चाल करताना त्याच्यासारखंच जीभ दाताखाली धरायचो. घरचे हसायचे. मला त्याची इतकी आठवण यायची की पानावरून अर्धपोटी उठायचो.

पुढं एका लग्नासाठी तो आला. आम्ही लगेच पट पसरून तोच डाव मांडला. कोपऱ्यातल्या राजावर बोट ठेवून तो म्हणाला, “ह्यो इथं कसा आला, कधी इचार केलास का?”

“अडकला तुझा.”

“अडकला न्हाई, मी नेला. अब्बा समोर बसलेले. उघड हरलो असतो तर त्यांनी वळखलं असतं. इथं तेवढं चुकल्यावानी दिसलं असतं. मला जायचंच नव्हतं रे.”

“मग आधी सांगायचंस ना!”

“समोरच्याला चाल सांगतेत व्हय? तू हत्तीकडं बघितलास, मी बघायलो होतो. बघून सोडलास. मला वाटलं, मी गेलो तरी ह्याला चालतंय.”

“अरे, मला प्याद्यानं मात करायची होती!”

“प्याद्यापायी?” तो हसत सुटला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले, मग माझेही. दुसऱ्या दिवशी मी त्याला गाडीवर पोचवलं.

नंतर अठ्ठेचाळीस साली पोलीस कारवाईची धामधूम झाली आणि त्याची पत्रं बंद पडली. गाड्या सुरळीत झाल्यावर मी हैदराबादला गेलो. विचारत विचारत घर सापडलं. दारात अनोळखी माणूस होता. पहिले लोक कुठं गेले ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं अदबीनं विचारलं, “आप कौन लगते उनके?”

मी नुसता आदाब करून माघारी वळलो. उत्तर सुचलं ते परतीच्या गाडीत: ज्याच्यापायी तो हरायला बसला होता, तो मी.