'का बे?' असं बटणच नाही!

परवा रविवारी दुपारी मी चक्क टीव्हीवर ओरडलो... सोलापूरच्या भवानी पेठेत घराला घर लागून, त्यामुळे शेजारच्या काकूंनी खिडकीतून डोकावून पाहिलं. कारण एवढंच, की एका व्हिडिओ गेममधल्या माणसाने मला दगा दिला होता.

हसा. पण आधी ऐकून घ्या.

दोन महिने दर रविवारी मी हा गेम खेळतोय. त्यात आपल्याबरोबर कायम एक सोबती असतो. त्याचं नाव फार अवघड, म्हणून मी त्याला दाढीवाला म्हणतो. चांगलं चिलखत मिळालं की आधी त्याला, औषधाची एकच बाटली उरली तर तीही त्याला... सख्ख्या भावाचं केलं नसेल इतकं त्या दाढीवाल्याचं केलं.

आणि परवा, शेवटच्या लढाईच्या तोंडावर, या पठ्ठ्याने किल्ल्याचा दरवाजा आतून उघडून शत्रूला आत घेतलं!

बरं, घेतलं तर घेतलं. गोष्टीत दगाफटका चालायचाच. माझं डोकं फिरलं ते पुढे... स्क्रीनवर दोनच पर्याय आले. त्याला माफ करा, नाहीतर त्याला मारा. बस्स!

अरे, पण का? इतके दिवस एका शेकोटीला बसलो, तर का केलंस एवढं विचारायची सोय नको? आपलं साधं सोलापुरी 'का बे?'... तेवढं एक बटण ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?

मी दोन्ही करून पाहिलं. माफ केलं तर मान खाली घालून निघून गेला. मागे जाऊन पुन्हा खेळलो आणि मारलं, तर मला ट्रॉफी मिळाली. ट्रॉफी! आणि दोन्ही वेळेला बाकीची मंडळी पुढच्या मिनिटाला 'चला पुढे' म्हणून निघाली, जणू तो कधी नव्हताच. सोबत्यांच्या यादीतून नावसुद्धा गायब.

कंट्रोलर आपटला. उठलो, पाणी प्यालो, परत बसलो. गाडी पुसायला खाली गेलो आणि अर्धीच पुसून वर आलो. पुन्हा गेम लावला... पुन्हा तेच दोन पर्याय.

बायको बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "वेणूभावजींना तरी कुठं विचारलंत तुम्ही?"

मी चिडलोच. म्हटलं, त्याचा इथं काय संबंध?

वेणू माझा दहा वर्षांपासूनचा दोस्त. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात आम्ही एकत्र होतो. मी कॉम्प्युटरवर डिझाइन काढायचो, त्यावरून लूमला नक्षी सांगणारी भोकांची कार्डं पंच व्हायची आणि ती लूमवर चढवायचं काम वेणूचं. त्याच्या घरी तेलुगू, माझ्या घरी मराठी, पण दुपारचा डबा आम्ही एकत्रच खायचो.

आठ महिन्यांपूर्वी, ऐन मोठी ऑर्डर डोक्यावर असताना, हा गडी एका शब्दानं न सांगता समोरच्या कारखान्यात गेला. मी त्याचा नंबर ब्लॉक करून टाकला. रोज चहाच्या टपरीवर दिसायचा आणि मी पाठ फिरवून उभा राहायचो.

म्हणजे मीही विचारलं नव्हतंच... त्या रात्री नीट झोप लागली नाही.

सोमवारी सकाळी टपरीवर सरळ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. आठ महिन्यांनी तोंडातून दोनच शब्द निघाले... "का बे?"

त्याने आधी चहा संपवला. मग म्हणाला, "हॉटेलचा टॉवेल आठव. फाईलच उलटी हुती. मला म्हाईत हुतं. तू बोलशील म्हणून आठ दिवस थांबलो की."

आणि निघून गेला.

मी तिथंच उभा... एका हॉटेलसाठी टॉवेलवर त्यांचं नाव विणायचं होतं. अशा टॉवेलवर एका बाजूला नाव उलटं दिसतंच, त्यामुळे विणताना कुणाला शंका आली नाही. शिलाईच्या वेळी कळलं, सुलट्या बाजूवरच नाव उलटं आलंय, आरशात दिसावं तसं. शेठ सगळ्यांसमोर वेणूवर ओरडले, कार्डं उलटी चढवलीस म्हणून.

मी बाजूलाच होतो. फाईल मीच उलटी सेव्ह केली होती, हे त्याच संध्याकाळी माझ्या लक्षात आलं होतं. उद्या सांगू म्हटलं... उद्या सांगू, उद्या सांगू करत राहिलो. तो गेल्यावर तर मी ते सोयीस्करपणे विसरूनच गेलो.

आठ महिने मी वेणूला दाढीवाला समजत होतो. दाढीवाला मीच होतो. फार लाज वाटली, अजून वाटतेय.

तसाच कारखान्यात गेलो आणि शेठना लूम खात्यात, सगळ्यांसमोर सांगितलं की ती चूक माझी होती. मोबाईलमधून मान वर न करता ते म्हणाले, "आता काय उपयोग?" पण खात्यातल्या सगळ्यांनी ऐकलं, आणि आमच्याकडे बातमीला रस्ता ओलांडायला पाच मिनिटं पुरतात.

संध्याकाळी सुटल्यावर वेणू टपरीवर उभा होता, हातात दोन ग्लास. "लई लवकर सुचलं की बे," म्हणाला. हसला नाही. पण एक ग्लास माझ्याकडे सरकवला.

गेम अजून त्याच दोन पर्यायांवर थांबलाय आणि माझा त्याच्यावरचा राग काही गेलेला नाही. वेणूने मला अजून माफ केलेलं नाही... पण यादीतूनही काढलेलं नाही. चहा पाजला. हा पर्याय त्या गेमवाल्यांना सुचला नाही, माझ्या दोस्ताला सुचला.