दसऱ्याची गिनती

आमच्या घरात दसऱ्याला सोनं वाटण्याआधी बंदूक पुजली जायची. ती काही भिंतीवर टांगायची शोभेची वस्तू नव्हती. फौजेतून बाद झालेली, नळी बदलून छर्ऱ्याची केलेली जुनाट मस्केट होती. भिवंडीजवळच्या वळ गावातल्या आमच्या भातशेताला रानडुकरांपासून राखायला म्हणून बाबांना तिचा परवाना मिळालेला. डुकरं तिला कधी घाबरली असतील असं मला वाटत नाही. वर्षातून एकच बार तिच्यातून निघायचा, तोही दसऱ्याला, आणि त्याचा डुकरांशी काही संबंध नसायचा.

बाबा एकाहत्तरच्या लढाईत सुरुंग काढणाऱ्या तुकडीत होते. त्याच तुकडीत भिवंडीचे चाचा हवालदार होते. चाचा शहरातल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातले, फौजेतून आल्यावर लूम, म्हणजे यंत्रमाग, घालून बसलेले. लढाईत रोज सकाळी गिनती, म्हणजे जवानांची हजेरी, चाचा घ्यायचे. घरी परतल्यावर दोघांनी एक गिनती चालूच ठेवली. दसऱ्याच्या दुपारी आमच्या बांधावर चाचा ताठ उभे राहून, तिकडे सुरुंगात गेलेल्या जवानांची नावं एकेक करून घ्यायचे. शेवटचं नाव झालं की बाबा बार काढायचे. मग रोजे नसले तर दोघं चहा प्यायचे आणि सुताच्या भावावरून वाद घालायचे.

नावं चाचांची, बंदूक बाबांची, अशी वाटणीच होती. नावं लिहून ठेवायला मात्र दोघेही तयार नव्हते. कागदावर सरकारनं लिहिलीत की, आपण तोंडानं घ्यायची, असं चाचांचं म्हणणं. मला ते कधीच पटलं नाही आणि मी तसं तोंडावर सांगायचेही. पण दोन म्हाताऱ्या फौजींपुढे माझं कोण ऐकतंय!

दोन हजार सालानंतर आमच्याकडे भात संपलं आणि गोदामं उभी राहिली. एका वर्षी आमच्या बांधावरही गोदामाचे पत्रे चढले. त्याच वर्षी गणपती गेल्यावर चाचांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. बाबा त्यांना बघून आले ते भिंतीला टेकून बसले. मला वाटलं, आता मित्रासाठी रडतील. तर ते म्हणाले, "मना नावं येत न्हाईत."

इतकी वर्षं चाचा नावं घेत असताना बाबांचं सगळं लक्ष चापावर असायचं. कानावर पडलेलं डोक्यात राहिलंच नव्हतं. मी भडकले. लिहून ठेवा म्हणून किती वेळा सांगितलं होतं, ते सगळं पुन्हा ऐकवलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझाच धीर सुटला. फौजेच्या कचेरीला पत्र टाकू, असं मी सुचवलं. "त्यांचा उत्तर येईल तवर हा जाईल," बाबा म्हणाले.

तेव्हा मी भिवंडीलगतच्या टेमघरला सासरी होते. रोज बाबांना स्कूटरवर मागं बसवून चाचांकडे न्यायचं काम माझ्यावर आलं. घराला लागूनच लूमची शेड. खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही लोडशेडिंगची वेळ धरून जायचो. दिवे गेले म्हणून अख्खी भिवंडी शिव्या घालायची आणि बाबा घाईघाईनं खाटेशी सरकायचे. झोपेत घोरणारा कोण, साखर चोरून खाणारा कोण, बायकोचं पत्र दुसऱ्याकडून वाचून घेणारा कोण, अशी एकेकाची आठवण काढत ते नावापर्यंत पोचायचे. नाव बरोबर असलं की चाचा डाव्या हाताचं बोट खाटेच्या लाकडावर आपटायचे. चुकलं की डोळे मिटून घ्यायचे. डोळे मिटले की बाबांचा चेहरा असा उतरायचा की मी उठून खिडकीशी जायचे.

दसरा जवळ आला तोवर बरीच नावं जमली होती. पण सगळी घेऊन झाली तरी चाचांचं बोट थांबत नव्हतं. एक ठोका उरायचा. एकजण राहिलाय, असं ते सांगत होते. बाबा झोपेतून उठून बसायचे, जेवता जेवता घास खाली ठेवायचे, भलतीच नावं घेऊन बघायचे. चाचांचे डोळे प्रत्येक वेळी मिटायचे. तो एकजण कायमचा हरवणार आणि त्याला हरवणारा आपण असणार, हे बाबांना सहन होत नव्हतं. मलाही होत नव्हतं. ज्याचं नाव मला माहीत नव्हतं त्या माणसासाठी मी देवापुढे बसू लागले.

दसऱ्याला चाचांच्या मुलानं कापडाचे तागे न्यायचा टेम्पो काढला. आत प्लास्टिकच्या खुर्चीवर चाचांना बसवून, दोन बाजूंनी धरून आम्ही खारबाव गावाच्या पुढं खाडीच्या बांधावर आलो. दुसरीकडे मोकळी जागाच उरली नव्हती. खुर्ची चिखलात रुतू नये म्हणून मी खाली फळी घातली.

बाबांनी नावं घेतली. हवालदारासारखी खणखणीत नाही जमली, आवाज मधेच फाटत होता. चाचांचं बोट खुर्चीच्या हातावर पडत होतं. नावं संपली. राहिलेल्याची मनातल्या मनात माफी मागून बाबांनी बंदूक उचलली, आणि चाचांनी डाव्या हातानं तिचा लाकडी दस्ता पकडला. सोडेनात. घशातून आवाज येत होता. पुन्हा तो एक ठोका, या वेळी बंदुकीच्या लाकडावर.

बाबा त्यांच्यापुढं गुडघ्यावर बसले. कोण राहिलाय रे, कुठल्या तंबूतला, कुठल्या गावचा, असं अक्षरशः भीक मागितल्यासारखं विचारू लागले. चाचांनी दस्ता सोडून बाबांचा हात धरला, ओढला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला. बोट बाबांच्या हातावर आपटलं.

आम्हा तिघांनाही एकदमच कळलं. हरवलेलं कुणी नव्हतंच. चाचांना त्या गिनतीत स्वतःचं नाव हवं होतं, कान शाबूत आहेत तोवर.

"न्हाय," बाबा म्हणाले. "तू जिता हायस. जित्याचा नाव मी घेनार न्हाय."

चाचांनी पुन्हा दस्ता पकडला. सोडेनात. त्यांचा मुलगा तोंड फिरवून उभा होता, तसाच म्हणाला, "काका, घ्या. अब्बा ऐकून तरी जातील."

बाबा उठले. सावधान उभे राहिले आणि हुद्द्यासकट, गावासकट पूर्ण नाव त्यांनी घेतलं. या वेळी आवाज फाटला नाही. चाचांनी हात काढला. बार झाला. चाचांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि इतक्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच शांत बघत होते. मला मात्र भरून आलं ते बाबांकडे बघून. एकटं पडलेलं माणूस कसं दिसतं ते मला त्या घटकेला दिसलं.

खिशातून दुसरं काडतूस काढून बाबा खुर्चीशी बसले. "आता माजा नाव घे," म्हणाले. "तू घेतलास की मी भरतो."

चाचांनी तोंड उघडलं. आवाज आला, शब्द आला नाही. मानेच्या शिरा ताठल्या, लाळ गळली, तरी ते पुन्हा पुन्हा तोंड उघडत राहिले. मला बघवेना. मी पुढे होऊन म्हटलं, "बाबा, मी घेते तुमचं नाव."

"तू व्हतीस का तिथं?" एवढंच बोलून त्यांनी पुन्हा आपला कान चाचांच्या तोंडाशी नेला.